साखरेच्या तक्त्याचं शेवटचं पान

मित्रांनो, माझ्या पोटात काय लिहिलं आहे ते मलाच नीट कळत नाही, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरं तेच आहे. मी एक जुना चित्रांचा तक्ता आहे, मधुमेहाची माहिती देणारा. जाड पानं वरून तारेत ओवलेली. एक उलटलं की दुसरं समोर येतं. सरकारी माणसं मला फ्लिप चार्ट म्हणतात, हिवरखेडच्या बाया म्हणतात साखरेचा तक्ता.

अमरावतीच्या एका छापखान्यात मी जन्मलो. पानं भराभर एकावर एक पडली, त्यामुळे आत काय आहे ते पाहायला सवडच मिळाली नाही. पहिलं पान म्हणजे माझं तोंड, तेवढंच मला नीट ठाऊक. तिथून गावच्या आशा सेविका साधनाताईंच्या पिशवीत बसून मी हिवरखेडला आलो.

ती वर्षं वाईट होती. कपाशीची बोंडं अळीनं आतून पोखरलेली असायची. पारावर माणसं बसायची, पण बोलायची नाहीत. एकत्र बसलं तर जीव हलका होईल म्हणून गावानं दर एकादशीला देवळात कीर्तन सुरू केलं. माणसं जमतात ती इथेच, हे साधनाताईंनी हेरलं. कीर्तनाआधी सभामंडपाच्या खांबाला मला टांगून त्या बोलू लागल्या. पहिल्या पानावर गूळ, साखर, पेढा आणि त्यांच्यावर लाल फुली. पुढच्या पानावर गोळीचं चित्र, खाली ‘औषध चुकवू नका’. तेवढ्यात पेटीचा सूर लागायचा, टाळ वाजायचे, आणि ताई घाईनं पहिलं पान पुढे करून बायांत जाऊन बसायच्या. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मृदंगाची थाप खांबातून माझ्या तारेत उतरायची आणि मीही डोलायचो. भाबडी माणसं मला देवाची तसबीर समजून बुक्का लावून जायची. पेढ्यावरच्या फुलीवर तो काळा ठिपका अजून आहे.

पंजाबराव हे माझे सगळ्यांत भाविक विद्यार्थी. त्यांना शुगर निघाली तेव्हा देवळाच्या दाराशी बांगड्या विकणारी बिस्मिल्लाबी म्हणाली होती की, पंजाबभाऊ एवढं गोड बोलतात, शुगर होईल नाही तं काय. पण त्यांनी चहातला गूळ त्याच दिवशी सोडला. एकादशी मात्र निर्जळी, त्यात बदल नाही. आणि गोळीही चुकवायची नाही, कारण मीच तसं सांगितलं होतं.

त्या एकादशीला त्यांनी सकाळी गोळी घेतली आणि पोटात दुसरं काही घातलं नाही. संध्याकाळी टाळ घेऊन ते कीर्तनकार महाराजांच्या मागे उभे राहिले. पूर्वरंग संपून कीर्तनाचा दुसरा भाग, उत्तररंग, चालू होता. एकाएकी त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले, ताल सुटला, डोळे अर्धे मिटले. भाव दाटला, असं कोणी तरी हळूच म्हणालं. एकानं वाकून पाया धरले. महाराजांनी गजर वाढवला. मलाही वाटलं, देव भेटला यांना. पंजाबरावांच्या पत्नी कौशल्याबाई आधी हात जोडून बघत राहिल्या, मग पुढे आल्या. त्यांनी हाक मारली, तर पंजाबराव त्यांना ओळखेनात, आणि बसता बसता कलंडले.

बिस्मिल्लाबी चपला काढून आत आली. पंजाबरावांच्या कपाळाला हात लावून ती म्हणाली, “हा भाव नाई, कौशल्याबाई. रोज्यात मलेबी असाच गारगार घाम सुटला होता, साखरेनंच उतरला. यायले साखर द्या.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“थे तक्त्यावर पाह्य ना,” कौशल्याबाई म्हणाल्या. “साखरेवर फुली हाय. काहून जीवावर उठली वं माय?”

मित्रांनो, मला कौशल्याबाईंचंच पटलं. माझी फुली, माझं तोंड. पण खांबाच्या बाजूला दबून राहिलेल्या पानावर साखरेची वाटी होती, आणि तिच्यावर फुली नव्हती, असं छापखान्यात ओझरतं पाहिल्याचं अंधुक आठवत होतं. मग खरं काय? मला बोलता येत नव्हतं, स्वतःचं पान उलटता येत नव्हतं. साधनाताईही गोंधळल्या. वर्षभर त्याच ‘साखर नको’ म्हणत आल्या होत्या. त्यांनी सकाळच्या गोळीचं विचारलं. कौशल्याबाई म्हणाल्या, घेतली ना, तीर्थाच्या घोटासंगं.

तेव्हा ताई धावत माझ्याकडे आल्या आणि पानांमागून पानं उलटू लागल्या. शेवटची दोन समईच्या तेलानं चिकटली होती. ती टरकन सोडवली. घामेजलेला माणूस, हातात साखरपाणी. ताईंनी मोठ्यानं वाचलं: गोळी घेतली, पोट रिकामं, घाम आणि थरथर, गिळता येत असेल तर लगेच साखर द्या.

नैवेद्याची साखर तांब्यात ढवळली. पंजाबरावांनी ओठ घट्ट मिटले. “माही निर्जळी हाय,” ते पुटपुटले.

महाराज वीणा कोणाच्या तरी हाती देऊन खाली बसले. “सकायी तीर्थ घेतलं ना? हेबी तीर्थच हाय. घ्या.”

ते प्याले. बऱ्याच वेळानं पंजाबरावांनी कौशल्याबाईंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “कीर्तन थांबलं काहून?”

“तुमी थांबवलं,” बिस्मिल्लाबी म्हणाली. “आता दोन घास खा, मंग दवाखान्यात चाला.”

मित्रांनो, आता माझे कोपरे झिजले आहेत. आरोग्य उपकेंद्राच्या दारामागे मी महिनोन्‌महिने धूळ खात असतो. एकच साखर पहिल्या पानावर वैरी आणि शेवटच्या पानावर सोयरी कशी, हे कोडं मला आजही पुरतं उलगडलेलं नाही. पंजाबराव मात्र आता उपास धरण्याआधी गोळीचं डॉक्टरांना विचारतात. एखाद्या एकादशीला मला देवळात नेलं की ते टाळ बाजूला ठेवून स्वतः माझ्याजवळ येतात, शेवटचं पान उघडतात आणि पेटीवाल्याला हातानं थांबवतात. ताईंचं सांगून होईस्तोवर सूर लागत नाही.

पूर्वरंग ऐकून कोणी घरी जात नाही ना? मग मलाही अर्ध्यावर सोडून उठू नका. धूळ झटका, तेलानं चिकटलेली पानं हलक्या हातानं सोडवा, आणि मला शेवटपर्यंत उलटा. मला स्वतःला ते जमत नाही.