होनेपेचं राहिलेलं रडणं

मित्रांनो, तुम्ही ज्याच्या टपावर चढून उड्या मारता, तो मी एक जुना ट्रक आहे. माझा जन्म जपानमधला. जहाजातून आपल्या बेटावरच्या लाए बंदरात उतरलो तेव्हा माझा निळा रंग डोळ्यांत भरायचा. आपल्या गावाने कॉफी विकून मला घेतलं. "रानडुक्कर आहे नुसता, चिखलाला भीत नाही!" असं ड्रायव्हर गेडिसा कौतुकाने सांगायचा.

त्याची आत्या होनेपे मात्र मला टोमणे मारायची. मी यायच्या कितीतरी वर्षं आधी, महायुद्धात, तिचा थोरला भाऊ झुरे सैनिकांची ओझी वाहायला गेला आणि घाटापलीकडे वाऊच्या रणांगणावर जपानी गोळीने पडला. तिथे जाऊन रडल्याशिवाय अळूचे कंद खाणार नाही, असं सुतक तिने धरलं होतं. आपल्याकडे कंद नाही म्हणजे जेवणच नाही; ती पाल्यावर आणि केळ्यांवर भागवायची.

"तुझ्या गाववाल्यांनी माझा भाऊ नेला रे," माझ्या दारावर थाप मारून ती म्हणायची. "आता तूच मला त्याच्याकडे ने."

पण मला सवड कुठे होती? कॉफीची पोती, डुकरं, फुटबॉलवाली पोरं. "पाऊस सरला की नेतो, आत्ये," गेडिसा दरवर्षी म्हणायचा. तिचे केस पिकले, माझा रंग विटला.

अखेर होनेपे आणि तिच्या भावकीला हौद्यात घेऊन एकदाचे निघालो. घाट चढताना माझी छाती फुटायची वेळ आली, पण मी थांबलो नाही. होनेपेच्या झोळीत कंद होते. रडून झाल्यावर ती ते तिथेच भाजून खाणार होती.

शेवटच्या गावाशी रणांगणाची टेकडी दिसली. मेलेल्याकडे मुकाट जायचं नसतं, जागा दिसली की गळा मोकळा करायचा, ही आपली रीत. हौद्यातली सगळी माणसं एकदम आक्रोश करू लागली.

तिथेच घात झाला. रडत येणारा ट्रक प्रेत घेऊनच येतो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावातली एक बाई धावत सुटली. तिचा मुलगा लाएला कामाला होता. हौद्यात चढून तिने ताडपत्री ओरबाडली.

"कुठाय माझा गियाम? दाखवा की!"

"तुझा नाही गं बाई," होनेपे म्हणाली. "माझा भाऊ. लढाईतला."

बाईने ताडपत्री हातातून टाकली. गावातले पुरुष खवळले.

"लढाईतलं मढं आत्ता रडताय? आमच्या जित्या पोराचं मरण दारात आणलंत! व्हा मागं!"

त्यांनी रस्त्यात ओंडका टाकला. होनेपेने समेटासाठी सुपारी पुढे केली. कुणी हात लावला नाही.

"चुकलं गं," ती त्या बाईला म्हणाली. "माझं रडू मी परत नेते."

टेकडी समोर होती आणि मला वळावं लागलं. घरी परतल्यावर झोळीतले कंद गेडिसाने डुकरांना घातले.

पुढचा पाऊस सरायच्या आत ती गेली. तिला पुरायला मीच नेलं. नंतर माझंही इंजिन बसलं. आता हौद्यात कोंबड्या बसतात.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, त्याचा आता उपयोग नाही. पण घरातलं कुणी म्हातारं माणूस "मला तिथं न्या" म्हणालं, तर चाक फिरतंय तोवर न्या. तिने माझ्याकडे तेवढं एकच काम मागितलं होतं, तेही मला जमलं नाही. तिच्या थापांनी दाराचा रंग जिथे झिजला होता, तिथेच मला पहिला गंज चढला.