निळी रांगोळी आणि राहीबाईचे शेत

सन २००८ च्या वैशाखात भिवंडीच्या खाडीकाठी वसलेल्या आमच्या गावाचे भविष्य जाणून घेण्यासाठी मुंबईहून मृणाली नावाची एक अभ्यासक तरुणी आली. या कामासाठी आमच्याहून नालायक माणसे तिला अन्यत्र सापडली नसती, असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

मारुतीच्या देवळापुढील मंडपात तिने स्त्रियांकडून पांढऱ्या रांगोळीने गाव रेखाटून घेतले. खाडी, तिच्या कडेचा मातीचा खारबांध, बांधाआडची भातशेते आणि त्यांतील निम्म्यांवर मुरूम टाकून उभी राहिलेली गोदामे, असे सर्व काही त्यात होते. नंतर तिने निळ्या रांगोळीचे ताट पुढे ठेवले. समुद्र वर चढत आहे, पन्नास वर्षांनी पाणी कोठवर येईल ते तुम्हीच आपल्या समजुतीने दाखवा, अशी तिची नम्र विनंती होती.

राहीबाई मात्र तेथे निराळ्याच हेतूने आली होती. ती माझी निपुत्रिक, विधवा काकी. चैत्राच्या उधाणात खारबांधाला खांड पडली होती आणि त्या भगदाडाच्या अगदी समोर तिचे शेत व घर होते. पाऊस लागण्यापूर्वी खांड बुजली नाही तर खारे पाणी आत शिरून शेत कित्येक वर्षांसाठी मरणार होते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचा जोर ओसरलेला असताना, घरटी एका माणसाने घमेले घेऊन बांधावर जायचे हा आमच्या पूर्वजांचा नियम. परंतु ज्यांनी शेते गोदामांसाठी भरून घेतली, त्यांना बांध म्हणजे पूर्वजांचे खूळ वाटू लागले होते. सारा गाव एकत्र सापडेल, तेव्हा हात जोडून विचारावे, एवढ्यासाठी ती आली होती.

माजी सरपंच हिरामण पुढे बसला होता. त्याचा मुलगा भाविक धामणकर नाक्यावर जमिनींची दलाली करतो. निळे ताट दिसताच तो बापाच्या कानाशी लागला, आणि क्षणार्धात ती कुजबुज मंडपभर पसरली: जिथे निळे पडेल, तिथे गोदामवाली पार्टी फिरकणार नाही. एका पोरीने आणलेल्या रांगोळीला या विद्वानांनी सरकारी अधिसूचना मानले!

बायकांनी बांधाआडच्या शेतांवर निळे पसरायला घेतले, आणि मग जे घडले ते पाहून मला किळस आली. आमच्या आळीतल्या चिंधूने आपल्या शेतावरची निळाई पायाने पुसली. त्याच्या शेजारणीने, कमळाने, पदराने झटकली. जो तो उठून आपल्या हद्दीतले पाणी शेजाऱ्याकडे ढकलू लागला. खाडी कोणत्याही बांधापुढे हटली नव्हती इतकी त्या दिवशी या लोभी माणसांपुढे हटली. शेवटी सगळी निळाई सरकत सरकत एकाच जागी ढीग होऊन बसली. ती जागा राहीबाईच्या शेताची होती, कारण तिच्या बाजूने पाय उचलणारे, मी धरून, कोणी नव्हते.

पाणी मालक पाहून शिरत नाही, असे मृणालीने परोपरीने समजावले. निदान खांड तरी आधी बुजवा, असेही ती म्हणाली. त्यावर हिरामणने गंभीर मुद्रा धारण केली.

"मॅडम, जिथं पानी जानारच हाय, तिथं माती कनाला टाकायची?"

सर्वांनी माना डोलावल्या. राहीबाई उभी राहिली. जोडायला आणलेले हात तिने जोडले नाहीत.

"पन्नास वर्सांनी येनारं पानी तुमी मना आजच दिलं का रं?"

"काकी, कोलंबी पाळ," चिंधू म्हणाला. "गिऱ्हाईक आमी आनू."

मंडप हसला.

भांगाचे दिवस आले तेव्हा पॉवरलूमवरची रात्रपाळी उरकून मी आणि माझा भाऊ केसरीनाथ राहीबाईसोबत बांधावर गेलो. आम्ही तिघांनी दिवसभर टाकलेली माती पुढची भरती सहज धुऊन नेत असे. भाविकने मोटारसायकल न थांबवताच विचारले, ठेका कितीला घेतला?

ज्येष्ठाच्या अमावास्येला उधाण आले. खाडी खांडीतून सरळ आत शिरली, शेत बुडाले आणि राहीबाईची चूल पाण्यात गेली. सकाळी गाव पाहायला लोटला. त्यांच्या चेहऱ्यांवर लज्जा असेल असे मला वाटले होते. होता तो अभिमान. आपण दाखवले तेथेच पाणी आले, हे त्यांना आपल्या बुद्धीचे प्रमाणपत्र वाटत होते. हिरामणने तर मृणालीला फोन करून गावाचा अंदाज बरोबर निघाल्याचे कळवले. पलीकडून फोन ठेवला गेला, तेव्हा रेंज गेली असे त्याने सर्वांना सांगितले.

राहीबाईने अंबाडी गावी आपल्या भावाकडे, विठूकडे जाण्याचे ठरवले. टेम्पो आला त्या दिवशी बांधावर कधी न फिरकलेली अख्खी आळी सामान चढवायला हजर झाली. हिरामणने स्वतः हंडा उचलला.

"ठेव खाली," ती म्हणाली. "घमेलाभर माती टाकायची व्हती तवा कोन न्हाय आयला."

"वयनी, आमी काय परके हाव?"

"परका आस्तास तर आयला आस्तास."

तिने हंडा त्याच्या हातून घेतला. बाकीचे सामान आम्ही दोघा भावांनी चढवले आणि आळी हाताची घडी घालून पाहत राहिली. टेम्पो नजरेआड झाला तेव्हा चिंधू म्हणाला की, बाईला माणुसकी नाही. सर्वांना ते पटले. आजही गावात तिचे नाव निघाले की लोक म्हणतात, आम्ही मदतीला गेलो होतो, तिनेच हाकलले.