मी मार्वेटाची पिशवी, सध्या सरकारी पुरावा

मी बाळाच्या सामानाची पिशवी बोलतेय. ओहायोतल्या आमच्या गावात चर्चच्या बायकांनी मला गरोदर मार्वेटाला भेट दिलं. पुढे जोसाया झाला. मार्वेटा मुळात धास्तीखोर. कोपऱ्यावर जायचं तरी माझ्यात दोन दिवसांचं सामान.

"बये, दुकानात निघालीस की देश सोडून?" तिची आई रोझेटा चिडवायची.

एके सकाळी मार्वेटानं धाकट्या भावाच्या उशीखालच्या नशेच्या गोळ्या उचलून माझ्या तळाशी लपवल्या. महिन्यापूर्वीच तो तसल्या गोळ्या खाऊन मरता मरता वाचला होता. औषधांच्या दुकानात नको असलेल्या गोळ्या टाकायची पेटी असते, तिकडे आम्ही निघालो.

वाटेत पोलिसानं गाडी अडवली. मागचा दिवा बंद होता. त्याच्या संगणकात तिच्या नावाचं जुनं अटक वॉरंट दिसलं.

"अहो, ते रद्द झालंय! मी कोर्टात जाऊन आलेय."

"मॅडम, इथं दिसतंय. मी काय करू?"

त्यानं तिला बेड्या घातल्या आणि मला उघडलं. एरवी हटकून अडणारी माझी चेन तेव्हा मुकाट सरकली. ते अजून मनाला लागतं.

कोर्टात वकीलबाई म्हणाल्या, "अटकच बेकायदा, तर पिशवीत सापडलेलं चालणार नाही." नियम तसाच होता. मला वाटलं, सुटलो.

मग कोर्टाच्या कारकूनबाई आल्या. "पोर आजारी होतं माझं. वॉरंट संगणकातून काढायचं राहिलं," म्हणत रडल्या.

"हिच्या पोरासाठी रडू की आपल्या?" रोझेटा पुटपुटली.

न्यायाधीश म्हणाले, "चूक कारकुनाची. पोलिसानं नोंदीवर प्रामाणिकपणे विश्वास ठेवला. अशा वेळी नियमाला अपवाद आहे. पुरावा चालेल."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. गोळ्या का उचलल्या, हे मार्वेटानं सांगितलं. कायद्याला मात्र तिच्याजवळ होत्या एवढंच पुरलं. अकरा महिने.

शिक्षा ऐकवली तेव्हा जोसाया ओला होऊन रडत होता. रोझेटानं टेबलावरच्या माझ्याकडे हात नेला.

"आजी, हात लावू नका. पुरावा आहे तो," कोर्टातला शिपाई म्हणाला.

"अहो, आत डायपर आहेत त्याचे!"

"तेही पुराव्यातच."

आता मी पोलिसांच्या कोठारात फळीवर आहे, नंबराची चिठ्ठी लावलेली. आत चार कोरे डायपर आहेत. जोसायाला ते आता बसणार नाहीत. निकाल झालाय, माझं काम संपलंय. तेवढे काढून कुणाच्या तरी तान्ह्याला द्या हो.