डाव्या बाजूचे दिवे

"दिसते काय?"

"नाही," मी ओरडून सांगितलं.

"अन् आता?"

"आतापण नाही, आबाजी."

मी माझी सायकल धरून ट्रकच्या डाव्या अंगाला उभी होते. आबाजींनीच मला तिथं उभं केलं होतं, पुढच्या चाकाच्या मागं आणि मागच्या चाकाच्या पुढं, हौद्याच्या बरोबर मधात. ते स्वतः केबिनमध्ये बसून डावा इंडिकेटर देत होते. त्याची टकटक मला चांगली ऐकू येत होती. पण पुढचा दिवा समोर तोंड करून पेटत होता आणि मागचा पार मागं, फाळक्याच्या बाजूला. मधे उभ्या असलेल्या माणसासाठी फक्त हिरवा रंग दिलेल्या फळ्यांची भिंत. भिंतीवर दोन पिवळे गोल दिवे होते, पण ते आपले गप्प.

आबाजी खाली उतरले. हळूहळू, एकेक पाय टेकवत. माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि मी जे पाहत होते तेच पाहू लागले.

"शकुन अठीच होती," ते म्हणाले. "बराबर अठीच."

पप्पा दुकानाच्या सावलीत टेस्ट लॅम्पची वायर उगाच गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तर हे आबाजी म्हणजे महादेवराव. आमच्या नात्यातले नाहीत, पण पप्पा लग्नाच्या आधी त्यांच्याच ट्रकवर क्लीनर होते. रस्त्यात दिवे गेले की पप्पाच ते दुरुस्त करायचे, आणि तसं करता करता ऑटो इलेक्ट्रिशियन झाले. बडनेऱ्याच्या पुढं, अकोला रोडला लागून आमचं दुकान आहे. पाटीवर नागसेन ऑटो इलेक्ट्रिक असं लिहिलंय आणि ती पाटी मी रंगवली आहे, त्यामुळे ती जरा तिरपी आहे. पप्पा आबाजींना अजून उस्तादच म्हणतात. आणि मी दीपमाला, दहावीत. नोव्हेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी विजेवर बोलले तेव्हापासून मी गप्पच बसत नाही, असं आईचं म्हणणं आहे. खरं आहे ते. पण त्या रविवारी मला बोलायला काही सुचत नव्हतं.

कारण शकुनताईंची गोष्ट मला माहीत होती. त्या मूर्तिजापूरकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहेत. मागच्या वर्षी कापसाच्या दिवसांत स्कूटीवर ड्यूटीला निघाल्या होत्या. आबाजींचा ट्रक कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे डावीकडे वळत होता. आबाजींनी इंडिकेटर दिला होता. शकुनताई नेमक्या हौद्याच्या बाजूनं चालल्या होत्या. मागचा दिवा मागं राहिला होता आणि पुढचा अजून यायचा होता. ट्रक वळला आणि स्कूटी खाली गेली. जीव वाचला, पण पायात सळी आली. पोलिसांचं वगैरे सगळं पार पडलं, पण आबाजींनी त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावला नव्हता. ट्रक विकायला काढला. आज गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार होतं. इथपर्यंत ट्रक त्यांच्या शेजारचा एक ड्रायव्हर घेऊन आला होता, आणि आबाजी त्याच्या बाजूच्या सीटवर बसून आले होते.

"मी जातो ना तिच्या घरी, मधात मधात," आबाजी म्हणाले. "चहा देते बिचारी. एक डाव म्हणे, काका, मले बाजूनं काहीच दिसलं नाही. रागानं नाही म्हणे. असंच." मग ते पप्पांकडे वळले. "तं तेवढं करून दे नागसेन. पुढच्याच्या हाती गाडी देण्याच्या आधी."

"देतो उस्ताद," पप्पा म्हणाले.

आता ते 'तेवढं' म्हणजे काय, ते सांगते. ट्रकच्या बाजूला जे दिवे असतात त्यांना दोन वायरी असतात. एक पार्किंगच्या दिव्यांकडून येते, दुसरी चेसीला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, अर्थिंगसाठी जोडलेली असते. ती दुसरी वायर चेसीवरून सोडवायची आणि इंडिकेटरच्या वायरीला जोडायची. बस. इंडिकेटर दिला की बाजूचे दिवेपण मिचकावू लागतात. नवी वायर ओढायला नको, नवा दिवा नको. टपरीवरून आणलेला चहा गार व्हायच्या आत होणारं काम.

आणि हेच काम आबाजी अपघाताच्या आधी पप्पांकडे मागत होते. खेपेवरून येताना थांबायचे, बाकड्यावर बसायचे. पप्पा म्हणायचे, "उस्ताद, पुढच्या खेपेले करू." कारण दुकानात दुसऱ्या गाड्या असायच्या. कुणाला केबिनवर निळ्या-लाल लाइटच्या माळा पाहिजेत, कुणाला रिव्हर्सला गाणं पाहिजे. ते लोक घाई करायचे, आरडाओरडा करायचे. आबाजी ओरडायचे नाहीत. आमच्या दुकानात ओळखीच्या माणसाचं काम शेवटी होतं, कारण तो कुठं पळून जातोय. आमच्या घरातलासुद्धा पंखा महिनाभर बंद होता. त्यावर आम्ही हसायचो.

पप्पा ट्रकच्या खाली गेले. मी पक्कड आणि टेप घेऊन बाजूला वाकले. एरवी काम करताना पप्पा गुणगुणतात आणि मला कोडी घालतात, सांग बरं करंट कुठून कुठं गेला. आज काही नाही. चेसीवरचा स्क्रू गंजलेला होता. त्यांनी तो किती जोरात पिळला ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"पप्पा, मी करू का?"

"नको. हे मीच करतो."

आबाजी बाकड्यावर बसले होते. रस्त्यानं गाड्या जात होत्या, संत्र्यांच्या, सरकीच्या. एकानं हॉर्न वाजवून हात केला. आबाजींनी हात केला नाही.

पप्पा खालून बाहेर आले, कपड्यांना माती. उभे न राहता तिथंच, चाकाला टेकून बसले.

"उस्ताद, थोडं तरी बोला ना मले."

"काय बोलू?"

"काहीही बोला. वर्ष होऊन राहिलं. तुमी येता, बसता, माह्या पोरीले मार्क विचारता. त्याच्यावर काहीच बोलत नाही. मले झोप येत नाही न जी."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. "आज घरून ठरवूनच आल्तो," ते म्हणाले. "पण पोरगी हाये समोर."

मग मला कळलं की आता इथून जायला पाहिजे. "मी चहा आणते," असं म्हणून मी निघाले. टपरी ट्रकच्या पलीकडेच आहे. पण मी ट्रकला वळसा घालून मागच्या फाळक्यापाशी थांबले. चांगलं नसतं असं ऐकणं, माहीत आहे. पण पाय पुढं जाईनात.

आबाजींचा आवाज अजिबात चढला नाही. "तू त्या पोट्ट्याच्या गाडीले लाल-निळ्या माळा लावत बसला होता नागसेन. अन् मी या बाकड्यावर बसलो होतो. तू हासत होता त्याच्यासंग. मले म्हणे, उस्ताद तुमचं काय, तुमी घरचे. मी उठून गेलो. त्याच खेपेत झालं ते."

"हो," पप्पा म्हणाले.

"एक वायर होती."

"हो जी. एकच होती."

मग आबाजी म्हणाले, "पण मी बी आरशात एकच डाव पाहिलं. दुसऱ्या डाव पाहाले पाहिजे होतं. वायर जोडणं तुह्यं काम होतं. पाहणं माह्यं होतं. ते मी तुह्यावर नाही टाकत."

"टाका ना थोडं."

"जेवढं तुह्यं होतं तेवढं टाकलं आत्ताच. बाकीचं नाही देत."

मी चहा आणला तेव्हा पप्पा चाकापाशीच बसलेले होते. डोळे लाल होते, पण मानेच्या शिरा खाली गेल्या होत्या. आबाजींनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "तुह्या टपरीवाल्यानं साखर पुरी बैलगाडीनं आणून टाकली वाटते." कुणी हसलं नाही. पण पप्पांनी "हो," असं म्हटलं, जसं ते रोज म्हणतात.

मग पुन्हा मी सायकल घेऊन हौद्याच्या मधात. आबाजी केबिनमध्ये चढले नाहीत. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि पप्पा वर गेले. टकटक सुरू झाली. आणि हौद्यावरचे ते दोन्ही पिवळे गोल पेटले, विझले, पेटले.

"दिसते, आबाजी!"

ते मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं, पण मी ते मोठ्यानं म्हटलं, कारण मला वाटलं कुणीतरी म्हणायला पाहिजे.

"आता पार्किंग लाव," आबाजी ओरडले. पप्पांनी लावले. बाजूचे दिवे मिचकावतच होते, पण आता उलटे. आबाजी चार पावलं पुढं जाऊन पाहून आले. "अरे, पुढचा पेटला का हा विझून राहिला. बिघडलं काय?"

"नाही बिघडलं," मी म्हटलं. "दोन्हीकडून सारखा जोर आला की मधला विझतो. पुढचा विझला की हा पेटतो. अंधारातही चालू-बंद होतोच, त्यामुळे नजरेत येतो."

"म्हणजे शकुनले दिसलं असतं."

त्यांनी ते मला विचारलं नव्हतं. तरी माझ्या तोंडून हो निघून गेलं, आणि निघाल्यावर वाटलं, नको होतं निघायला. आबाजींनी हात वर करून त्या दिव्याच्या काचेवर ठेवला. बोटांच्या फटींतून पिवळं येत-जात राहिलं. पप्पा केबिनमधून सगळं पाहत होते आणि इंडिकेटर बंद करत नव्हते.

दुपारी ट्रक घेणारा किशोर आला. अकोल्याकडचा, तिशीतला, दात दाखवून बोलणारा. सोबत त्याचा साळा होता. पप्पांनी त्याला बाजूला नेऊन सगळं समजावलं. कुठली वायर कुठं गेली आहे, बल्ब गेला तर साधाच टाकायचा, एलईडी टाकला तर हे काम करणार नाही.

"बढिया काम केलं भाऊ," किशोर म्हणाला. "अन् वरून माळ नाही लावून देत काय? गाडी कशी सुनी सुनी वाटते."

"माळा मी आता लावत नाही," पप्पा म्हणाले. मला हे नवीन होतं. आबाजींनाही असावं, कारण त्यांनी पप्पांकडे वळून पाहिलं.

किशोर चढला. साळा डाव्या बाजूनं चढला. आबाजींनी बाहेरून दार दोनदा थोपटलं आणि मागं सरकले. ट्रक हलला, मातीतून डांबरीच्या कडेला गेला, आणि डावीकडे वळायला थांबला. आम्ही तिघं त्या अंगाला उभे होतो. मी दिव्यांकडे पाहत होते. पप्पाही तिकडेच पाहत होते. साळ्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, दोनदा खालीवर हलवला, आणि ट्रक वळून गेला. हौद्यावरचे दिवे पेटले नाहीत.



"देईल," पप्पा म्हणाले. "समोर गावात देईल इंडिकेटर."

"देईल," आबाजी म्हणाले.

मग पप्पांनी मोटारसायकल काढली, आबाजींना बडनेरा स्टेशनवर सोडायला. आबाजींनी मागं बसून एका हातानं आपली पिशवी मांडीवर धरली. दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला, मार्क विचारले नाहीत. दुकानापुढच्या कच्च्या वाटेवरून ते पार कोपऱ्यापर्यंत गेले. पप्पांनी तिथं डावा इंडिकेटर दिला, लांबूनही तो लख्ख दिसत होता. तरी मागं बसलेल्या आबाजींनी डावा हात सरळ बाहेर काढला. मोटारसायकल वळली, सरळ झाली, इंडिकेटर बंद झाला, आणि बाभळींच्या आड जाईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.