वहीतला एक येन

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो, आणि मला संताप आलेला आहे. भंगाराच्या ढिगावर बसून गोड आवाजात आपली कहाणी सांगणं मला जमणार नाही.

जपानच्या बेटांमधल्या आतल्या समुद्राकाठी एका मोठ्या तेल कंपनीचा शुद्धीकरण कारखाना आहे. तिथल्या मनोऱ्यातलं उकळतं तेल ओढून पुढे भट्टीकडे ढकलणं, हे माझं काम. कंपनीने मला चौऱ्याऐंशी लाख येनांना घेतलं. साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले.

यंत्र वापराने झिजतं, म्हणून हिशेबाच्या वहीत माझी किंमत दरवर्षी बारा लाखांनी उतरवत गेले. तेवढा त्या वर्षाचा खर्च धरायचा. याला घसारा म्हणतात. सात वर्षांनी उरला एक येन. तोही कशाला? तर वस्तू अजून जागेवर आहे, याची खूण राहावी म्हणून. वहीत मी संपलो, पण जागेवर आणखी दहा वर्षं राबलो. माझ्या नावाने खर्च लिहायचा नसल्यामुळे कंपनीचा नफा फुगून दिसे. कौतुक नफ्याचं व्हायचं.

माझी काळजी एकालाच होती. दुरुस्ती खात्यातले कुसुनोकी, साठीला टेकलेले. रोज सकाळी लोखंडी सळईचं एक टोक माझ्या अंगाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून ते माझी घरघर ऐकत. या वसंतात ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. माझ्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील झिजलं होतं आणि तेल ठिबकत होतं.

त्यांनी कारखान्याचे प्रमुख तोदोरोकी यांना तीन अर्ज दिले. उत्तर नाही. शेवटी त्यांनी साहेबांना माझ्यापाशीच गाठलं.

"साहेब, सील बदलायलाच हवं. पंप कण्हतोय."

"वहीत एक येनाचा पंप, आणि त्याच्यावर तीस लाख घालू? हेड ऑफिसात माझी शोभा करायचीय का, कुसुनोकीसान?"

"मग नवा घ्या."

"म्हणजे पुन्हा घसारा सुरू, नफा खाली! सतरा वर्षं चाललाय, अजून दोन ओढेल."

हेड ऑफिसातून मालमत्तेची मोजदाद करायला आलेली हायासे नावाची हिशेबनीस तिथेच माझा क्रमांक तपासत होती. ती वळली.

"साहेब, एक येन म्हणजे खर्च लिहून झाला, एवढंच. पंप धडधाकट आहे की मरायला टेकलाय, हे वही सांगत नाही. ते कुसुनोकीसान सांगतायत."

"तुम्ही क्रमांक मोजा, बाई. पंप आम्ही बघतो!"

नवव्या दिवशी सील फुटलं. उकळतं तेल उसळलं आणि पेटलं. कुसुनोकी दोन पावलांवर होते. पळाले असते तर वाचले असते. पण त्यांनी आगीत हात घालून माझी झडप बंद केली. हात कोपरापर्यंत भाजला. ज्या माणसाने मला जपलं, त्यालाच मी जाळलं.

मग आगीनंतर विसाव्या दिवशी नवा पंप आला, दीड कोटींचा! आता पैसे कुठून निघाले? आणि अहवालात काय लिहिलं? 'जुन्या यंत्रातील दोष'. माझा दोष! हायासेने त्या कागदावर शिक्का मारायला साफ नकार दिला. तिन्ही अर्ज तारखांसकट त्याला जोडून तिने तो थेट वर पाठवला. तोदोरोकींची खुर्ची गेली. कुसुनोकींची दोन बोटं मात्र सरळ झाली नाहीत.

काल ते भंगारात आले. त्या वाकड्या बोटांनी माझ्यावरची राख झटकत म्हणाले, "माफ कर रे."

मित्रांनो, माफी त्यांनी का मागावी? तुमच्या आसपास एखादं यंत्र कण्हत असेल आणि त्याच्यापाशी राबणारं माणूस 'थांबा' म्हणत असेल, तर यंत्राची किंमत विचारत बसू नका. आधी ते बंद करा.