लाँड्रीमागचे तेल आम्ही खाल्ले

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे घराणे जुने. मी स्वतः कालच जन्मलो. आमच्यात एकाचे दोन होतात, त्यामुळे आजोबा कोण आणि नातू कोण हे सांगणे कठीण. म्हणून घराण्याची हकिकत मी माझीच म्हणून सांगतो.

आमचे घर एका लाँड्रीच्या मागच्या मातीत होते. दवाखान्याच्या चादरी धुणारी लाँड्री ती! जंतू दिसला की मारायचा, हाच तिथला धर्म. लाँड्रीवाल्या काकू आणि त्यांची जाऊ चादरी उकळत, ब्लीचमध्ये बुडवत. आम्ही आपले जीव मुठीत धरून राहत होतो, मूठ नसली तरी.

एकदा बॉयलरच्या तेलाची टाकी खालून गंजली आणि महिनाभर गुपचूप गळत राहिली. टाकी बदलली, पण माती काळीकुट्ट झाली होती. तिथून वीस पावलांवर विहीर. सगळे धुणे त्या एका विहिरीवर चालायचे. तिच्यात तेल उतरले की लाँड्रीला टाळे! काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. आम्ही मात्र खूश, कारण तेल हेच आमचे जेवण. पण त्या घट्ट मातीत ना हवा होती, ना खत. नुसत्या तेलावर आमचे पोट कसे भरणार?

मग काकूंनी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका ताईला बोलावले. तिने चिमूटभर माती तपासली आणि म्हणाली, “काकू, औषध तुमच्याच अंगणात आहे. फक्त त्याला नीट पोसायला हवं.”

काळी माती उकरून जाड प्लास्टिकवर पसरली. खतपाणी घातले. दर आठवड्याला दोघी जावा ती फावड्याने खालीवर करू लागल्या. हवा मिळताच आम्ही तेलावर तुटून पडलो.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. मातीवर काकूंना तेलकट चट्टा दिसला आणि सवयीने त्यांनी ब्लीचचा अख्खा डबा त्यावर ओतला. माझे लाखो भाऊबंद जागच्या जागी गेले. ते आठवले की अजून वाईट वाटते.

“अहो काकू, आपलीच माणसं मारलीत!” ताईने कपाळाला हात लावला.

“डाग दिसला की माझा हात ऐकत नाही गं,” काकू रडवेल्या झाल्या. “आता विहीर गेली का?”

विहीर जाते कशी? खालच्या थरात मी होतो ना! ताईने ब्लीचची माती बाजूला काढली. काकूंनी ब्लीच कपाटात बंद करून किल्ली जावेकडे दिली. आम्ही दोनाचे चार, चाराचे आठ झालो आणि सात महिने नुसते खात सुटलो.

शेवटच्या तपासणीत मातीत तेल नावालाच उरले होते. विहिरीत तर थेंबही नाही! ताईने अहवाल वाचून दाखवला, तेव्हा काकू जावेला म्हणाल्या, “जन्मभर जंतू मारले बघ आपण. आणि विहीर राखली ती त्यांनीच.”

जिंकलो, मित्रांनो! डोळ्यांना न दिसणाऱ्या आम्ही जिवाणूंनी अख्खी लाँड्री वाचवली. आता तेल संपले, तशी आमची संख्याही ओसरली. पण त्याचे मला दुःख नाही. एवढेच सांगतो, टाकी गंजू लागली असेल तर आजच बघा. महिनाभर गळलेले तेल संपवायला आम्हाला सात महिने लागले. भूक कितीही मोठी असली, तरी आमचा घास फार लहान आहे.