पाचवा रकाना

गुणाजी तांडेलाला दिवसाढवळ्या झोप येते, हे आता अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. कधीपासून येते हे मात्र त्याच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कोर्लईच्या खडकात तिसऱ्या दिवशी सापडला होता.

तो म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, रतन. गेल्या सप्टेंबरात दोघं भाऊ होडी घेऊन माघारी येत होते. टळटळीत दुपार, पाणी असं शांत की त्यात तोंड बघून घ्यावं. गुणाजी सुकाणूवर होता, आणि बसल्या जागी, सुकाणू हातात धरून त्याला झोप लागली. किती वेळ लागली, देव जाणे. जाग आली ती होडी खडकाला घासली त्या धक्क्यानं, आणि बघतो तर होडीत रतन नाही. गावात येऊन त्यानं सांगितलं, लाट आली. अशा पाण्यात कुठली आली बाबा लाट, असं दोन-चार म्हाताऱ्यांनी विचारून बघितलं. पण वीस वर्षं होडी चालवलेल्या तांडेलाला तोंडावर किती विचारणार? रतनची बायको हेमांगी तेव्हा पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिनंही ऐकलं, लाट आली.

बरं, झोप काही त्या दिवशी पहिल्यांदा आली नव्हती. दोन वर्षं येत होती. रतन कोपरानं ढोसून त्याला उठवायचा, आणि डॉक्टरला दाखव म्हणून पाठीस लागायचा. त्या दुपारीही तो म्हणाला होता की दादा, तुझे डोळे बघ कसे झालेत, सुकाणू दे माझ्याकडं. गुणाजीनं दिलं नाही. धाकट्याला उठून जागा द्यायची म्हणजे काय? एवढं सगळं पोटात दाबून हा माणूस त्याच घरात राहत होता आणि हेमांगीच्या हातचं जेवत होता. एक वेळ गाव थुंकलं तरी त्याला चाललं असतं. हेमांगीला कळू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं.

रतन गेल्यावर झोप वाढली. रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या लागायची, तोंडात घास असताना लागायची. आणि झोपेच्या उंबऱ्यावर रतन यायचा. गाव काय, मोकळंच. रतननं धरलंय म्हणून सांगत सुटलं. भगत झाला, उतारा झाला. शेवटी गुणाजीची बायको केसर पदर खोचून उभी राहिली. मुरूडच्या बाजारात मासळी विकणारी बाई ती, कुणाला ऐकायची नाही. तिनं नवऱ्याला एस.टी.त घातलं, हेमांगीला लिहिता-वाचता येतं म्हणून बरोबर घेतलं आणि अलिबाग गाठलं. तिथं एकाआड एक गुरुवारी मुंबईहून मेंदूचे डॉक्टर येतात.

डॉक्टरांनी मुंबईला पाठवून डोक्याला वायरी लावून तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. मेंदूला झोप आवरता येत नाही. माणूस अर्धा जागा असतानाच स्वप्न डोळ्यांपुढं उभं राहतं, हातपाय हलत नाहीत, आणि दिसतं ते खरंच वाटतं. केसरनं लगेच विचारलं, म्हणजे आमचा दीर येत न्हाय ना? डॉक्टर नाही म्हणाले. केसरच्या जिवात जीव आला. हेमांगीनं काही विचारलं नाही.

गोळ्या दोन होत्या. पहिली मिथिलफेनिडेट. शाळेत ज्या पोरांचं लक्ष लागत नाही, एका जागी बूड टेकत नाही, त्यांना देतात तीच. अर्ध्या तासात चढते, चार तासांत उतरते. कडक नियमातलं औषध. अलिबागेत एकाच दुकानात मिळायचं आणि दुकानदार चिठ्ठीची नक्कल ठेवून घ्यायचा. दुसरी मोडाफिनिल. हिला चढायला दोनेक तास, पण मग संध्याकाळपर्यंत उतरायचं नाव नाही. कुणाकुणाचं डोकं धरतं. केसर म्हणाली, म्हणजे एक चहासारखी नि एक पेजेसारखी. डॉक्टर हसले. चांगली कुठली ते पुस्तकात बघून कळत नाही, म्हणाले, ज्याची त्याला मानवते. पंधरा दिवस ही, पंधरा दिवस ती, मग ठरवू. दुपारी ठरवून थोडं झोपलं तरी हरकत नाही. कुठलीही घेतली तरी मी सांगेपर्यंत सुकाणूला हात लावायचा नाही. आणि घरातल्या कुणीतरी रोज वही लिहायची.

वहीचे रकाने त्यांनीच आखून दिले. तारीख, गोळी कधी घेतली, झोप कधी लागली, तेव्हा काय करत होते. आणि पाचवा रकाना: काही बोलले का?

झोपेत आपण बोलतो हे गुणाजीला माहीतच नव्हतं. केसरला विचारलं तर ती म्हणाली, बोलता तर, पुटपुटता कायबाय, मला मेलीला कुठं कळतंय! केसर पहाटेच बाजाराला जायची ती अडीच-तीनला परत. तेव्हा दुपारची वही कुणी लिहायची? हेमांगीनं. मी आपलं माझं लिहितो म्हणून गुणाजीनं धडपड केली, तर डॉक्टर म्हणाले, अहो, झोपलेला माणूस कसा लिहील?

पहिली गोळी सुरू झाली. सकाळी साडेआठला भाकरीबरोबर घेतली की नऊला डोकं धुऊन पुसून ठेवल्यासारखं व्हायचं. गुणाजी पडवीत बसून जाळं विणायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा. लोक म्हणायचे, तांडेल माणसात आला. मग साडेबाराला गोळी उतरायला लागायची, आणि एकच्या ठोक्याला रतन.

तो पडवीच्या टोकाला बसायचा, समोरच्या बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले असायचे तिकडं तोंड करून. नेहमी पाठमोरा. सदरा पाठीला चिकटलेला, टोकांतून पाणी गळायचं आणि खाली जमीन कोरडीच. त्याच्या पलीकडं दोन हातांवर हेमांगी कोलंबी सोलत बसलेली असायची. गुणाजीला दोघं एकाच वेळी दिसायची, तो आणि ती, आणि तिला तो दिसत नव्हता. गुणाजीला ओरडावंसं वाटे, पण जीभ उचलत नसे. रतन मागं न बघता एवढंच म्हणायचा, दादा, सुकाणू दे. ऊन भक्क पडलेलं, शेजारी रेडिओ चाललेला, आणि अशा उजेडात त्याच्या अंगावर काटा उभा राहायचा.

चौथ्या दिवशी त्याला जाग आली तेव्हा हेमांगी त्याच्या हातांकडे बघत होती. हात विणत होते. हातभर जाळं पुढं गेलेलं, गाठी एकीसारखी एक.

"भाऊजी, झोपला होतात तुम्ही," ती म्हणाली.

"न्हाय गं. विणत होतो न्हाय का?"

"विणत होतात. आणि झोपला होतात."

तिनं वही ओढली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं. सोललेली कोलंबी तिच्या दुसऱ्या हातात तशीच राहिली. झोपेत जाळं विणणारा माणूस झोपेत सुकाणूही धरू शकतो, हे कळायला काय बारावी शिकावं लागतं?

ती पाण्याला गेली तशी त्यानं वही उघडली. पाचव्या रकान्यात आडवी रेघ. काल रेघ, परवा रेघ. त्यानं वही होती तशी ठेवली आणि मोठा श्वास घेतला. पंधरा दिवस तो रोज असाच चोरून बघायचा, आणि रोज रेघच असायची.

मग दुसरी गोळी आली. पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, जेवणावरची वासना गेली. चौथ्या दिवसापासून सगळं सुरळीत. एक वाजला तरी गुणाजी टक्क जागा. रतन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, आठव्या दिवशी आला नाही. केसरनं देवाला नारळ फोडला. आता तोंडातून वेडंवाकडं निघायची भीती नाही, म्हणून गुणाजीनं सुटल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. आणि झालंही. पण एक वाजला की त्याची नजर पडवीच्या टोकाला जायची. ती जागा मोकळी बघून त्याला भडभडून यायचं. जे झालं ते सगळं ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि गोळी घेऊन आपण त्यालाही घालवून दिलं, असं त्याला वाटायचं. रतनची त्याला इतकी आठवण आली की स्वतःचीच लाज वाटली.

हेमांगीचंही काहीतरी बिनसलं होतं. एकला ती हातातलं काम बाजूला ठेवायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. दोन वाजेपर्यंत. मग उठून आत जायची. वही लिहायची म्हणून बघत असेल, अशी गुणाजीनं समजूत करून घेतली.

महिन्यानं तिघं पुन्हा अलिबागला गेली. डॉक्टरांनी वही चाळली. पहिल्या गोळीवर रोज दुपारी एक ते दोन झोप, दुसरीवर काहीच नाही. हे तर स्पष्टच आहे, ते म्हणाले, दुसरी चालू ठेवू. गुणाजीनं घाईनं मान हलवली.

"पहिली द्या," हेमांगी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. ती अडखळली नाही. दुसरीनं यांचं डोकं दुखतं, ती म्हणाली, अन्न जात नाही, चिडचिड करतात. सकाळचे चार तास पहिली पुरते. दुपारी ठरवून झोपलेलं चालतं असं तुम्हीच म्हणाला होतात. मी असते घरात, मी बघीन. केसर चकित होऊन जावेकडे बघायला लागली. चिडचिड कधी केली यांनी? पण वही लिहिणारी हेमांगी, दुपारभर घरात असणारी हेमांगी. तिलाच जास्त ठाऊक असणार, असं केसरनं धरलं. डॉक्टर गुणाजीला म्हणाले, तुम्ही सांगा, गोळी तुम्हाला घ्यायचीय. गुणाजीनं हेमांगीकडे बघितलं. ती खाली बघत होती. त्याला नाही म्हणता येईना. का नको, हे सांगावं लागलं असतं.

केसर गोळ्या आणायला दुकानात शिरली. बाहेर दुकानाच्या पायरीशी दोघंच उभी राहिली. मिनीडोअर रिक्षावाले रेवदंडा, रेवदंडा म्हणून ओरडत होते.

"तुम्ही बोलता, भाऊजी," हेमांगी म्हणाली. "रोज बोलता. मी रेघ मारली."

गुणाजीनं भिंतीला हात टेकला. "काय बोलतो?"

"'न्हाय देनार सुकाणू.' हे तुमच्या आवाजात. मग दचकता. लाट न्हाय आली हे मला चौथ्या दिवशीच कळलं."

त्याला वाटलं, आता ही तोंडात मारेल. मारावं तिनं, असंही वाटलं. पण ती तशीच उभी राहिली, हातातली पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलं न्हाय," ती म्हणाली. "पण दचकायच्या आधी तुम्ही त्यांचं बोलता. त्यांच्याच आवाजात. 'हेमाला सांग,' एवढंच येतं नि तुम्ही जागे होता. मला पुढचं पाहिजे. ते आलं की मग घ्या तुम्ही दुसरी गोळी."

येताना सगळी वाट गुणाजी खिडकीला डोकं टेकून जागा होता. तिला एक वाक्य पाहिजे होतं. एकच. ते दिलं की ती सुटेल, आपण सुटू. रतन काय म्हणाला असता? साळावच्या पुलापासून काशीदपर्यंत तो वाक्य जुळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला त्यानं पहिली गोळी घेतली. एक वाजायला आला तशी हेमांगी येऊन बसली, या वेळी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्यावर. वही आणली नव्हती. गुणाजीच्या पापण्यांवर झोप येऊन बसली होती. त्यानं गाल आतून दातांत धरला, रक्ताची चव येईपर्यंत चावला आणि डोळे मिटले. थोडा वेळ जाऊ दिला. मग रतन बोलायचा तसं, जरा नाकातून, म्हणाला, "हेमाला सांग... सुखात ऱ्हा म्हनावं. माझ्यासाठी रडू नको म्हनावं."

"नऊ वर्षं संसार केला मी," हेमांगी म्हणाली. "असं बोलणारा माणूस न्हवता तो. डोळे उघडा, भाऊजी."

त्यानं उघडले. पडवीच्या टोकाला कुणी नव्हतं.

"खरं काय म्हणाले ते सांगा. शिवी दिली असंल तर शिवी सांगा."

"ठाऊक न्हाय, हेमा."

"असं कसं ठाऊक न्हाय? तुम्ही दोघंच होतात."

"मी झोपलो होतो," गुणाजी म्हणाला. "तो सुकाणू मागत होता, मी दिलं न्हाय, आनि मी झोपलो. तो कधी पडला मला ठाऊक न्हाय. हाक मारली का, काय म्हनला, मी ऐकलं न्हाय. झोपेत मी बोलतो ते माझंच असंल. त्याचं माझ्याकडं कायबी न्हाय."

लाट आली नव्हती हे हेमांगीनं पचवलं होतं. हे तिला पचेना.

"म्हणजे ते ओरडले असतील," ती सावकाश म्हणाली, "आणि कुणीच ऐकलं न्हाय."

"न्हाय," गुणाजी म्हणाला.

अडीच वाजता केसर पाटी उतरवून पडवीत आली तेव्हा दोघं तशीच समोरासमोर बसलेली होती. झोप मात्र गुणाजीला त्या दुपारी आली नाही.